कारण न विचारता

मंगळवारी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला. तू गेलीस, असं त्याने सांगितलं. मी जाऊन मशीनवरच्या परबला सांगितलं. त्याने मशीनमधला माल काढायला घेतला. बॅरलमध्ये प्लास्टिक वितळलेलं असताना मशीन तसंच बंद केलं तर माल आत जळतो, म्हणून ते रिकामं होईपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो. मग दिवे बंद केले आणि दहिसरला निघालो.

शेठच्या गाडीत मी पुढे बसले होते. साकीनाक्याच्या सिग्नलला शेठनी विचारलं, "संध्याबेन, कुंदाबेनला झालं काय होतं?"

मला माहीत नव्हतं. मागच्या सीटवर परब होता, त्याला माहीत नव्हतं. त्याच्या शेजारी पॅकिंगची लता होती, तिलाही माहीत नव्हतं. तू रजेवर आहेस, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. रजा कशासाठी, हे कोणी विचारलं नव्हतं. आपल्या कारखान्यात रजेचं कारण विचारत नाहीत. हा नियम तू केलास, कुंदा, आणि आम्ही तो तुझ्यावरही चालवला.

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे. आपलं भांडण तसं जुनंच. तू उत्पादन बघायचीस, मी माल तपासून पाठवायचे, आणि उत्पादनवाल्यांचं नि तपासणीवाल्यांचं पटू नये अशीच कारखान्याची रचना असते. पण हे भांडण मालाचं नव्हतं. ते अर्ध्यावर राहिलं आणि तू निघून गेलीस. म्हणून लिहिते आहे. तुला माहीत असलेल्या गोष्टी पुन्हा सांगेन. तू वैतागशील, "मुद्द्यावर ये गं, वाचनालय" म्हणशील. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसायचे म्हणून तू मला ठेवलेलं ते नाव. मुद्द्यावर यायला मला नेहमीच वेळ लागतो.

आपल्याकडे पूर्वी रजेला मयत लागायची.

दुसऱ्या मजल्यावरचा गाळा, औषधाच्या बाटल्यांची झाकणं काढणारी मशीनं, पॅकिंगची लांब टेबलं आणि काचेच्या केबिनमध्ये शेठ. रजा मागायला त्या केबिनच्या दारात उभं राहावं लागे. शेठ मान वर न करता विचारत, "कोण गेलं?" मुलीच्या शाळेत बोलावलंय, बायकोला माहेरून आणायचंय, नुसताच थकवा आलाय, असली कारणं त्या दारात टिकत नसत. मेलेलं माणूस मात्र टिकायचं. त्यामुळे आपल्या लोकांचे नातेवाईक भराभर मरायचे. आधी आज्या संपल्या, मग चुलते, मावश्या, मग सासरची मंडळी. पॅकिंगमधल्या एकाने चुलत्यासाठी मिशी उतरवली आणि ती पुन्हा उगवेपर्यंत बिचारा दुःखी चेहरा करून वावरत होता.

त्यात खोट्याची लांबीही ठरलेली. मयत म्हटल्यावर तेराव्याच्या आधी परतायची सोय नाही. दोन दिवसांचं काम असलेला माणूस दोन आठवडे घरी बसायचा. लवकर आला तर शेठ विचारणार, "काय रे, दिवस कोण घालतंय?" शेठ वाईट माणूस नव्हेत, तूही हे नेहमी म्हणायचीस. त्यांना कोणीतरी कधीतरी फसवलं होतं आणि त्यानंतर त्यांना वाटायचं की विचारलं म्हणजे फसवणूक थांबते.

मग परबची आत्या आली.

गावाहून येणारी बस पहाटे साकीनाक्याला सोडते. आत्याला डोळे दाखवायचे होते. परब पहिल्या पाळीला आलेला, म्हणून ती पत्ता विचारत थेट कारखान्यात हजर. एका हातात कोकमांची पिशवी, दुसऱ्या हाताने पदर सावरत म्हणाली, "मी परबाची सुमती आत्या." शेठचं डोकं असल्या बाबतीत फार तल्लख. सुमती आत्या मे महिन्यात वारली होती. ते केबिनमधून बाहेर आले, हात जोडले आणि म्हणाले, "या आत्या, बसा. वरती कसं काय वातावरण?"

सगळा गाळा हसला. आत्याला काही कळेना. कोणीतरी तिच्या कानात सांगितलं. ती वळून परबकडे बघत राहिली आणि मग जी कडाडली:

"मेल्या, माका मारलंस तर मारलंस, बाराव्याक तरी बोलवूक व्हया होतां!"

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसले, शेठ हसले, परबही हसला. त्याचे कान मात्र लाल झाले होते, आणि हातातली झाकणं तो उगाचच एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये घालत होता. तू हसली नाहीस. आत्याला पंख्याखाली बसवलंस, पाणी दिलंस, आणि जेवणाच्या सुट्टीत परबपुढे जाऊन उभी राहिलीस.

"खरं कशाला गेला होतास?"

"घराची कौलं परतायची होती, ताई. पावसाआधी."

"मग तसं सांगायचं ना."

"कौलांसाठी कोण रजा देतंय? आणि आत्या तशी कधी मुंबईला येत नाय, म्हणून तिला घेतली."

"घेतली" म्हणाला तो, बाजारातून नारळ घेतल्यासारखं. मी पुन्हा हसले. तुझा चेहरा तसाच.

त्या दुपारी साचा बदलायला मशीन थांबलं होतं, म्हणून केबिनमधलं सगळं बाहेर ऐकू आलं.

"उद्यापासून कारण विचारायचं नाही, शेठ."

"मग काय करायचं? ओवाळायचं?"

"किती दिवस आणि मशीनवर कोण उभं राहणार, एवढंच विचारायचं. ते त्यांनी आपसात ठरवून यायचं."

"सगळे गावाला पळतील, कुंदाबेन. वाट लागेल धंद्याची."

"सगळे गेले तर मी उभी राहते मशीनवर."

"आणि कोणी खोटं बोललं तर?"

"कशाबद्दल बोलणार? आपण विचारणारच नाही."

शेठ काहीतरी पुटपुटले. तू बाहेर आलीस आणि माझ्या टेबलाशी थांबलीस. मी म्हणाले, "फसवतील तुला." तू म्हणालीस, "फसवत नव्हते गं ते. आपण विचारायचो म्हणून मारायचे."

हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा मनात फिरवलं. माणसांना वागवण्याबद्दलची पुस्तकं मी वाचली आहेत. त्यांत आकृत्या असतात, बाण असतात, विश्वासाच्या पायऱ्या असतात. इतकं साधं मला कुठे मिळालं नाही.

पण तो पहिला गणपतीचा हंगाम मी विसरलेले नाही, आणि तूही त्याला गोड करून सांगू नकोस. कोकणातले सगळे एकदम गेले. कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला विचारलं नाही. तू मशीनवर, मी पॅकिंगला, शेठ केबिनच्या दारात कंबरेवर हात ठेवून. माल उशिरा गेला. गिऱ्हाइकाची बोलणी मी खाल्ली, कारण फोन माझ्या टेबलावर होता. मी तुझ्याशी नीट बोलतसुद्धा नव्हते. एकदा तू ट्रे ठेवायला आलीस तेव्हा मी म्हणाले, "झाली ना हौस?" तू म्हणालीस, "नाही झाली. पुढच्या वर्षी बघ."

पुढच्या वर्षी परब आणि नगरची दोन मुलं उन्हाळ्यातच तुझ्याकडे आली. गणपतीत नगरच्यांनी मशीन सांभाळायचं, भीमजयंतीला कोकणातल्यांनी, असं त्यांचं आपसात ठरलं होतं. तुला त्यांनी फक्त कळवलं. तू पंच नव्हतीस, साक्षीदार होतीस. आणि लोक म्हणाल्या दिवशी परत यायला लागले. कौलं चार दिवसांत झाली की माणूस पाचव्या दिवशी हजर. तेरावं सांभाळायची गरज उरली नाही.

त्यानंतर जे झालं त्याची अपेक्षा तुलाही नव्हती, खरं सांग. लोक कारणं आपणहून सांगायला लागले. तू कानांवर हात ठेवायचीस. "मी विचारलं का?" "नाय विचारलंत, म्हणूनच सांगतोय." कोणाच्या बहिणीची सोयरीक, कोणाचा दात, कोणाला मानखुर्दला खोली बदलायची. एकाला तर फक्त झोपायचं होतं. तू त्याला म्हणालीस, "झोप रे, झकास झोप."

आणि मग झाकणांचं. हे मी तपासणीवाली म्हणून सांगते. पूर्वी माल बिघडला की तो ट्रेच्या तळाशी जायचा, वर चांगली झाकणं पसरून. मी शोधायचे, ते लपवायचे. एका सकाळी परब स्वतः मशीन थांबवून माझ्याकडे आला आणि ओंजळभर झाकणं टेबलावर ओतली. "आटे नीट येत नाहीत मॅडम, कधीपासून ते माहीत नाय, सकाळचा सगळा माल बघावा लागंल." मला आधी राग आला, सगळा माल उपसावा लागणार म्हणून. तू लांबून बघत होतीस. जवळ आली नाहीस. त्या दिवशी मला कळलं की रजा हा तुझा विषयच नव्हता. खरं बोललं तर अंगावर येणार नाही, एवढं एका ठिकाणी पटलं की माणूस ते दुसऱ्या ठिकाणी वापरून बघतो.

आता भांडणाकडे येते.

लता मध्येच अचानक रजा घ्यायला लागली होती. परत आली की डोळे सुजलेले. मी तुला म्हणाले, "विचार तिला." तू नाही म्हणालीस.

"सांगायचं असेल तर सांगेल. तोंड आहे तिला."

"सगळ्यांना नसतं, कुंदा. काहींना कोणीतरी विचारावं लागतं."

"तुला पुस्तकातली माणसं बरी. मनात काय चाललंय ते छापलेलं असतं."

"आणि तुला? कोणी काही सांगितलं नाही की बरं, तेवढाच त्रास कमी?"

हे मी टोचून बोलले होते. दुसऱ्या दिवशी लताची जागा दारापाशी होती ती तू तुझ्या टेबलाजवळ आणलीस. जेवताना तिला समोर बसवायला लागलीस. काही महिन्यांनी तिच्या रजा थांबल्या. काय होतं, ते तिने तुला सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस. मी म्हणत राहिले की हे अर्धवट आहे. तू म्हणत राहिलीस की हे पुरेसं आहे. साकीनाक्याला मेट्रोच्या जिन्याशी तू दहिसरच्या बाजूला आणि मी मुलुंडच्या बाजूला वळेपर्यंत आपण हेच बोलायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरुवात.

दिवाळीनंतर तुझे ब्लाउज सैल दिसायला लागले. मला दिसत होतं. डबा तू अर्धा परत नेत होतीस, तेही दिसत होतं. मग एका शनिवारी तू माझ्या टेबलाशी आलीस. म्हणालीस, "सोमवारपासून मी नाही. मशीनचं परब बघेल. शेठना तू सांभाळ."

मी "बरं" म्हणाले.

तू लगेच गेली नाहीस. ट्रेमधलं एक झाकण उचललंस, आट्यांवरून अंगठा फिरवलास, परत ठेवलंस. मग म्हणालीस, "काय वाचतेयस सध्या?" मी सांगितलं. तू "हं" केलंस आणि गेलीस.

कुंदा, तू वाट बघत होतीस का? आपलं सगळं भांडण आता या एका प्रश्नापाशी येऊन थांबलंय, आणि याचं उत्तर देणारी तूच होतीस. तू थांबलीस ती मी विचारावं म्हणून, की मी विचारत नाही ना एवढं बघायला? मी नियम पाळला. तुझ्यापुढे तो मोडला असता तर तू म्हणाली असतीस, "आली बघ वाचनालय, पान उलटायला." पण कदाचित म्हणाली नसतीस.

त्यानंतर रजेत फोनवर तू मशीनच्या हीटरबद्दल विचारायचीस. "कशी आहेस?" असं मी म्हटलं की "आहे" म्हणायचीस. एवढंच.

दहिसरला तुझ्या घरी गर्दी ओसरल्यावर तुझा भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. त्याने आजाराचं नाव सांगितलं. तुला कधीपासून माहीत होतं तेही सांगितलं. शेवटपर्यंत कामावर जायचा हट्ट केलास म्हणाला. "आम्ही ओरडायचो तिच्यावर. कशाला मरायला जातेस तिथं? तर म्हणायची, घरी सगळे दिवसभर विचारतात, कसं वाटतंय, काय खाल्लंस, रिपोर्ट काय आला. तिथं कोणी विचारत नाही. तिथं मी नुसती कुंदा असते."

मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची शरमही वाटली. म्हणजे तू घालून दिलेली सवय शेवटी तुझ्याच कामी आली. आम्ही तुला आजाराशिवाय काही तास देत होतो, न कळत. हे मान्य करते. पण "नुसती कुंदा" माझ्या टेबलाशी का थांबली होती, हे त्यातून सुटत नाही. तुझ्या भावाचं वाक्य खरं आहे आणि माझा शनिवारही खरा आहे. दोन्ही धरून बसते.

गुरुवारी मशीनं पुन्हा सुरू झाली आणि शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आता उत्पादन तुम्ही बघा, संध्याबेन." मग त्यांनी खरं बोलायचं होतं ते काढलं. "ते रजेचं आता पहिल्यासारखं करू. बघा ना. विचारलं असतं तर बाई वाचली असती. चांगला डॉक्टर बघितला असता. मी काय परका होतो? नाही विचारायचं, नाही विचारायचं, आणि माणूस गेलं हातचं." बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

ते जे बोलत होते ते माझंच म्हणणं होतं. इतकी वर्षं मी तुझ्याशी ज्यासाठी भांडले, ते शेठनी माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि मी फक्त मान हलवायची होती. काचेबाहेर परब मशीनपाशी उभा होता. तो आत बघत नव्हता. पॅकिंगच्या टेबलांवर कोणीच आत बघत नव्हतं, आणि इतकं न बघणं आपल्याकडे फक्त सगळ्यांना सगळं कळलेलं असतं तेव्हाच घडतं.

मी म्हणाले, "शेठ, तुम्ही केबिनच्या दारात विचारलं असतं, तर तिने काय सांगितलं असतं?"

"म्हणजे?"

"तिनेही एखादी आत्या मारली असती."

शेठ हसायला लागले. हसताहसता त्यांना रडू आलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हात हलवून मला जायला सांगितलं. "ठेवा तसंच," म्हणाले. "ती असती तर ऐकली नसतीच."

तर कुंदा, नियम राहिला. तू जिंकलीस असं समजू नकोस. शेठना मी जे सांगितलं ते खरं आहे, पण ते दारात उभं करून विचारण्याबद्दल खरं आहे. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने विचारता येतं का, ते आपल्याला दोघींना शोधता आलं नाही. तू बघायचीस आणि जागा बदलायचीस. मला तुझ्यासारखं बघता येत नाही. मला बसून, हळूहळू, एकेक ओळ लावत जावं लागतं.

तुझ्या टेबलावर आता माझे कागद आहेत. समोर मी एक खुर्ची ठेवली आहे. रजा मागायला कोणी आलं की मी किती दिवस आणि मशीनवर कोण, एवढंच विचारते, आणि मग म्हणते, बस. बहुतेक जण हसून उभ्यानेच निघून जातात. परब म्हणाला, "बसायला वेळ नाय मॅडम, माल चालू आहे." काल लता आली. दोन दिवस हवे होते. मी बस म्हणाले आणि ती बसली. आम्ही दोघींनी चहा घेतला. तिने काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. चहा संपल्यावरही ती जरा वेळ बसून होती, आणि या वेळी मी पुस्तकाचं नाव काढलं नाही.